घाट उतरण्यापूर्वीं

पुण्याहून मुंबईकडे निघालेली मालमोटार खंडाळा मागें टाकून बोरघाटाच्या तोंडाशीं येते, तेव्हां तिच्या पाठीवर साखरेचीं पोतीं असोत, कांदे असोत वा लोखंडी कांबी असोत, खोपोलीपर्यंत तिला सुमारें पांचशें मीटर खालीं उतरावयाचें असतें. १८३० सालीं, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असतांना, हा घाट चाकाच्या गाड्यांस खुला झाला. तेव्हांपासून आजतागायत त्याची चढण जितकी बोलली जाते तितकी त्याची उतरण बोलली जात नाहीं. चढण ही एंजिनाची परीक्षा होय, आणि ती सर्वांना दिसते. धूर सोडीत, कण्हत जाणारी गाडी पाहून तिच्या कष्टांची कल्पना लहान मुलालाहि येते. उतरणीची परीक्षा ब्रेकची असते, आणि ब्रेक नापास होईपर्यंत ती कोणाच्याच दृष्टीस पडत नाहीं. या परीक्षेचा निकाल मात्र पुष्कळदां घाटांत लागत नसून, दोन-चार दिवस आधींच, कळंबोलीच्या वा निगडीच्या एखाद्या गॅरेजमध्यें गाडीखालीं उताण्या निजलेल्या मिस्त्रीच्या हातून लागून गेलेला असतो.

ही गोष्ट नीट समजण्यास थोडासा हिशेब मांडावा लागतो. २०१८ सालीं वाढविलेल्या मर्यादेप्रमाणें तीन आंसांची मालमोटार मालासकट साडेअठ्ठावीस टन वजनाची असूं शकते. एवढें वजन पांचशें मीटर खालीं आलें म्हणजे जी शक्ति मोकळी होते, ती सारी उष्णतेच्या रूपानें एकत्र करतां आली तर तिच्यावर सुमारें पावणेपांचशें लिटर पाणी उकळीला येईल. आंघोळीचे वीसएक बंब एकदम पेटवावे, तशांतलाच हा प्रकार. ही उष्णता कोठें तरी गेलीच पाहिजे. गाडी खालच्या गिअरमध्यें असेल तर तिचा मोठा वांटा एंजिन सोसतें. कांहीं भाग टायर आणि वारा घेतात. उरलेला सर्व भाग चाकांतील ओतीव लोखंडाच्या ड्रमांच्या वांट्यास येतो. असे ड्रम सहा, आणि एकेकाचें वजन पन्नास किलोंच्या आसपास. सगळा भार या सहांवरच पडला आणि त्यांस निवावयास वेळ मिळाला नाहीं, तर लोखंड लाल होण्याइतकी ही उष्णता आहे. चार पैशांचें डिझेल वांचविण्यासाठीं उतारावर गाडी न्यूट्रलमध्यें सोडणारा ड्रायव्हर नेमकें हेंच करीत असतो.

घरच्या लहान मोटारीचा ब्रेक आणि मालमोटारीचा ब्रेक यांत एक मोठा फरक आहे. लहान मोटारींत पायाचा दाब तेलाच्या नळ्यांतून चाकापर्यंत पोंचतो. एवढ्या अवजड गाडीला तें पुरत नाहीं. तेथें पाय केवळ एक झडप उघडतो, आणि काम हवा करते. जॉर्ज वेस्टिंगहाउस यानें १८६९ सालीं आगगाडीसाठीं हवेच्या ब्रेकचें पेटंट घेतलें. त्याच तत्त्वाचा हा रस्त्यावरील वंशज होय. एंजिनावर चालणारा काँप्रेसर टाक्यांत हवा दाबून भरतो. ब्रेकवर पाय पडला कीं ती हवा प्रत्येक चाकाजवळच्या एका चपट्या डब्यांत शिरते. गॅरेजमध्यें या डब्याला ‘बूस्टर’ म्हणतात. त्यांत रबराचा पडदा असतो. पडद्याचें क्षेत्रफळ तीस चौरस इंच आणि हवेचा दाब चौरस इंचास शंभर पौंड धरला, तर पडद्यामागची दांडी तीन हजार पौंडांच्या, म्हणजे जवळजवळ चौदाशें किलोंच्या जोरानें पुढें सरकते. ही दांडी एक तरफ फिरविते, तरफ एक कॅम फिरविते, आणि कॅम ब्रेकचे दोन्ही शू पसरवून त्यांवरील लायनर फिरत्या ड्रमावर आंतून दाबून धरतो. चाकाची गति येथें उष्णता होऊन संपते.

या सर्व साखळींत मिस्त्रीचें लक्ष सर्वांत अधिक असतें तें त्या तरफेवर. तिला ‘स्लॅक ॲडजस्टर’ म्हणतात. लायनर झिजला कीं शू आणि ड्रम यांमधलें अंतर वाढतें, आणि तेंच अंतर तोडावयास दांडीला अधिक पुढें जावें लागतें. पण बूस्टर हा शेवटीं एक डबा. दांडी त्यांत अमर्याद पुढें जाऊं शकत नाहीं. तीस इंची बूस्टरची दांडी फार तर अडीच इंच सरकते, आणि सरक दोन इंचांवर गेली तर ब्रेक पुन्हां जुळविलाच पाहिजे, असा दंडक आहे.

आतां कोणी विचारील, दोन इंचांवर चालणारा ब्रेक अडीच इंचांपर्यंत तरी चालेलच ना? सपाट रस्त्यावर खरोखरच चालतो, आणि सारा घात येथेंच आहे. लोखंड तापलें कीं फुगतें. सुमारें चारशें दहा मिलिमीटर व्यासाचा ड्रम तीनशें अंशांनीं तापला तर त्याचा व्यास सव्वा मिलिमीटरहून थोडा अधिकच वाढतो. वाढ दिसावयास क्षुल्लक. पण तरफेच्या हिशेबानें तेवढ्यासाठीं दांडीला अर्ध्या इंचाच्या आसपास अधिक जावें लागतें. गॅरेजच्या अंगणांत थंड असतांना चोख लागणारा ब्रेक घाटाच्या मध्यावर याच अर्ध्या इंचापायीं हरतो. दांडी डब्याच्या टोंकाला जाऊन थांबते. हवा पूर्ण जोरानें ढकलीत असते, परंतु तो जोर ड्रमावर न पडतां डब्याच्या भिंतीवर पडतो. शिवाय तापलेला लायनरहि गुळगुळीत होऊन आपली पकड सोडूं लागतो. तेलाच्या ब्रेकमध्यें असें कांहीं बिघडलें तर पेडल खोल जाऊन पायाला सूचना देतें. हवेच्या ब्रेकचें पेडल पहिल्या दिवसासारखेंच लागतें. ड्रायव्हरच्या पायाला शेवटच्या क्षणापर्यंत कांहीं कळत नाहीं.

अपघातानंतर वर्तमानपत्रांत ‘ब्रेक निकामी झाल्यामुळें’ एवढे शब्द येतात, आणि वाचणाऱ्यास वाटतें कीं एखादी नळी फुटली असेल. नळी फुटण्याची तरतूद यंत्रांत बहुधा केलेली असते. मागील चाकांच्या बूस्टरमध्यें एक जबर स्प्रिंग हवेच्या दाबानें आवळून ठेवलेली असते. हवा गेली कीं ती सुटते आणि ब्रेक आपोआप लागतो. परंतु ही स्प्रिंगहि तीच दांडी ढकलते आणि तीच तरफ फिरविते. तरफच ढिली असेल तर हवेप्रमाणें स्प्रिंगचाहि उपाय चालत नाहीं. म्हणून चांगला मिस्त्री हवेच्या कांट्यावर विसंबून राहत नाहीं. तो गाडीखालीं जातो.

तेथें त्याचें काम कसें चालतें तें पाहण्यासारखें आहे. प्रथम चाकांना लांकडी ठोकळे लागतात, कारण मापासाठीं हातब्रेक सोडावा लागतो. मग प्रत्येक दांडी बूस्टरमधून जेथें बाहेर येते तेथें तो खडूची खूण करतो. केबिनमध्यें बसलेल्या पोऱ्याला ‘दाब रे’ म्हणून हाक जाते; ‘दाबला, वस्ताद’ असें उत्तर येतें; आणि खूण किती पुढें सरली तें पट्टीनें मोजलें जातें. असें सहाहि चाकांशीं. मोजणी चालू असतांना कान हवेच्या फुसफुशीकडे असतो. संशय आला तर सांध्यावर साबणाचें पाणी लावलें कीं बुडबुडे चोर दाखवितात. टाक्यांच्या तळाच्या तोट्या उघडून सांचलेलें पाणी काढलें जातें. दाबलेल्या हवेंतील ओल टाकींत उतरते, आणि पावसाळ्यांत तर पुष्कळच उतरते. त्या पाण्याबरोबर काळें तेल आलें तर मिस्त्रीच्या कपाळाला आठी पडते, कारण तें काँप्रेसर झिजत चालल्याचें चिन्ह असतें. चाकाच्या सीलमधून ग्रीस पाझरून लायनर भिजला असेल तर तो पुसून पुन्हां बसविणें ही शुद्ध फसवणूक होय. तो बदलावाच लागतो, आणि एका बाजूचा बदलला तर त्याच आंसाच्या दुसऱ्या बाजूचाहि, नाहीं तर गाडी एका अंगाला ओढूं लागते.

अलीकडच्या गाड्यांत ही तरफ आपोआप जुळून घेते. यामुळें मिस्त्रीचें काम सोपें झालें असें वाटावें. वस्तुतः तें अधिक अवघड झालें आहे. आपोआप जुळणारी तरफ ढिली सांपडली, तर दोष तरफेंत तरी आहे किंवा कॅम, बूश, शू यांपैकीं कशांत तरी. पाना लावून ती हातानें आवळली कीं गाडी तेवढ्यापुरती थांबते आणि मूळ दुखणें झांकलें जातें. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया राज्यांत ग्लेन रॉक या गांवीं एप्रिल २००३ मध्यें उतारावरून सुटलेल्या एका मालमोटारीच्या अपघाताची चौकशी झाली, तेव्हां तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें नेमक्या याच संवयीवर बोट ठेवलें. आवळणें ही दुरुस्ती नव्हे, हें शिकविण्यास तेथेंहि अपघात व्हावा लागला.

आणि आवळून द्या, असेंच तर गिऱ्हाईक सांगत असतें. एक-दोन गाड्यांचा मालक, डोक्यावर गाडीचे हप्ते, आंत नासका माल आणि उभ्या गाडीचा दररोजचा तोटा. अशा माणसाला लायनर, ड्रम आणि दीड दिवसाची मजुरी सांगितली कीं तो म्हणतो, ‘मिस्त्री, एवढी खेप जाऊं द्या, जरा टाइट करून द्या.’ या मालकाला सरसकट लोभी म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु मिस्त्रीची मजुरी कामागणिक ठरते. नाहीं म्हणणाऱ्याच्या हातीं कांहीं पडत नाहीं, आणि शेजारच्या गॅरेजमध्यें हो म्हणणारा बहुधा मिळतोच. ज्याच्या निर्णयावर घाटांतल्या अनोळखी माणसांचे प्राण अवलंबून, त्याला योग्य निर्णयाबद्दल कोणी पैसे देत नाहीं, अशी ही व्यवस्था आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत डिझेल मेकॅनिकचा रीतसर अभ्यासक्रम आहे, १९६१ सालचा शिकाऊ उमेदवारांचा कायदाहि आहे. तरी गाडीवरचा क्लीनर, मग हेल्पर, मग वस्ताद हा जुना मार्ग अजून मोडलेला नाहीं. त्या मार्गानें हात तयार होतो. नाहीं म्हणण्याची हिंमत होतेच असें नाहीं.

या धंद्यांत मिस्त्रीच्या स्वतःच्या जिवालाहि घोर असतो. आवळलेल्या स्प्रिंगचा बूस्टर उघडावयाचा नसतो. आंत शेंकडों किलोंचा जोर दबा धरून बसलेला असतो, आणि कडें सैल करणाऱ्याच्या छातीवर तो येतो. स्प्रिंग लांब बोल्टानें जखडूनच डबा गाडीवरून उतरवितात, आणि उतरविलेला डबा दुरुस्त न करतां नवा बसवितात. माती वाहणाऱ्या टिपरचा हौदा वर उचललेला असतांना खालीं वांकणें हें दुसरें संकट. हौदा तेलाच्या दाबावर उभा असतो, आणि लोखंडी टेंकू न देतां आंत डोकावणारा एका फुटक्या नळीवर आपला जीव टांगतो. ब्रेकच्या धुळीचा धोका संथ, म्हणून अधिक फसवा. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे. ड्रम काढून हवेच्या नळीनें फुंकर मारली कीं तें तंतूंसह फुप्फुसांत जाई, आणि त्याचें दुखणें वीस-तीस वर्षांनीं वर येई. ओल्या फडक्यानें पुसण्याचा नियम साधा आहे. हवेची नळी मात्र हाताशीं असते आणि पाणी दूर असतें.

जोडगाडीच्या मागल्या ट्रेलरचें बंधन, कमानीचे पाटे, चाकांचे नट, हीं सारीं कामेंहि त्याचींच. चाक बदलल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरांच्या आंत नट पुन्हां कसावे लागतात, हें एवढेंच येथें सांगितलें म्हणजे पुरे. ब्रेकचें तसें नाहीं. सहा चाकांपैकीं एकानें काम सोडलें तरी गाडी थांबते. तें काम उरलेलीं पांच मुकाट्यानें वांटून घेतात, आणि त्यामुळें तीं अधिक तापतात.

यावरूनच जाणत्या मिस्त्रीची एक जुनी रीत निघाली आहे. गाडी घाट उतरून आली कीं तो प्रत्येक चाकाजवळून जातो आणि पालथा हात ड्रमाजवळ धरतो. लावीत मात्र नाहीं. आतां यासाठीं दुरून उष्णता मोजणारें लहानसें यंत्र मिळतें, पण हाताची संवय सुटलेली नाहीं. एकच चाक तापलेलें असेल तर त्याचा ब्रेक सुटत नसून घांसत आहे. सगळींच तापलेलीं असून एखाद्यांतून करपल्याचा वास येत असेल, तर मालक त्या चाकाकडे बोट दाखवितो आणि हेंच बिघडलें म्हणतो. मिस्त्री तेथें थांबत नाहीं. तो पुढें जातो, मागल्या आंसाच्या डाव्या अंगाला हात धरतो, आणि तेथें कांहींच लागत नाहीं. पांच चाकें भाजून निघालीं असतां हें एक थंड आहे, म्हणजे घाटभर यानें कांहींच केलें नाहीं. तो त्याच्या टायरवर खडूनें फुली मारतो आणि पोऱ्याला जॅक आणावयास सांगतो.