काम, तारीख आणि आधार
(रुग्णालयाच्या कार्यालयीन नोंदपद्धतीविषयी)

वार्षिक अहवालात रुग्णसेवेची आकडेवारी आणि जमाखर्च यांना प्रथम स्थान असते व ते योग्यच आहे. तथापि हे आकडे ज्या कार्यालयीन शिस्तीवर उभे असतात, तिचीही ओळख सभासद, देणगीदार व हितचिंतक यांना असावी, या हेतूने यंदा आम्ही आमच्या नोंदपद्धतीविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहोत. मानवत व परिसरातील शाळा, पतसंस्था आणि अन्य विश्वस्त संस्थांनाही यातील काही भाग उपयोगी पडावा, अशी आशा आहे.

आमच्या कार्यालयात कामांची यादी संगणकावर व मोबाइलवर ठेवली जाते. त्यासाठी वापरात असलेले सॉफ्टवेअर साधे व विनामूल्य आहे. काम लिहावे, ते कोणाकडे आहे ते नोंदवावे, मुदतीची एक तारीख घालावी आणि काम झाल्यावर खूण करावी, एवढे ते उत्तम रीतीने करते. परंतु त्यात दोन गोष्टी नाहीत. एक म्हणजे दिनदर्शिका : संपूर्ण महिन्याचे चित्र त्यात एकत्र दिसत नाही. दुसरी म्हणजे संदर्भाची सोय : काम ज्या आदेशावरून वा नियमावरून करावयाचे, तो कागद त्या नोंदीला जोडता येत नाही. या दोन उणिवा मोठा खर्च न करता कशा भरून काढता येतात, हाच या लेखाचा विषय आहे.

यादी म्हणजे संपूर्ण कार्यालय नव्हे

प्रत्येक कामाविषयी तीन प्रश्न असतात. काय करावयाचे? केव्हा करावयाचे? आणि कशाच्या आधारे करावयाचे? कामांची यादी यांपैकी पहिल्याच प्रश्नाचे पूर्ण उत्तर देते. हा भेद नवा नाही. संगणकीय दिनदर्शिकांसाठी १९९८ साली ठरविलेल्या 'आयकॅलेंडर' या आंतरराष्ट्रीय नमुन्यातही 'घटना' आणि 'करावयाचे काम' या दोन निराळ्या नोंदी मानल्या आहेत. त्यामुळे यादीच्या सॉफ्टवेअरमध्ये दिनदर्शिका नसणे हे आश्चर्याचे नाही.

आपल्याकडील शासकीय कार्यालयांत हा विचार फार पूर्वीपासून रुजलेला आहे. महाराष्ट्रातील शासकीय कर्मचाऱ्यांना 'सहा गठ्ठे पद्धत' शिकविली जाते. मेजावरील कागद सहा गठ्ठ्यांत विभागावयाचे : प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेशांच्या संचिका, अभिलेख कक्षाकडे पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाची 'ड' वर्गातील कागदपत्रे. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची मांडणी आणि अभिलेखांची व्यवस्था सुधारून हवा तो कागद चटकन सापडेल अशी घडी बसविली. ती 'लखिना पॅटर्न' या नावाने पुढे इतर कार्यालयांतही पोहोचली.

या सहा गठ्ठ्यांशी आमचे सॉफ्टवेअर ताडून पाहिले असता उणीव नेमकी कळते. प्रलंबित कामांचा पहिला गठ्ठा त्यात आहे. तिसरा म्हणजे नियतकालिकांचा, आणि चौथा म्हणजे स्थायी आदेशांचा, हे दोन त्यात नाहीत. तेव्हा हे दोन गठ्ठे बाहेर ठेवावयाचे आणि पहिल्याशी त्यांचा सांधा जुळवावयाचा, एवढेच कार्य उरते.

तारखांचे तीन प्रकार

रुग्णालयातील तारखा एकाच जातीच्या नसतात. पहिला प्रकार कायद्याने ठरलेल्या तारखांचा. सोनोग्राफी केंद्राचा मासिक अहवाल गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या नियमांनुसार पुढील महिन्याच्या ५ तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडे जावा लागतो. जैववैद्यकीय कचऱ्याचा मागील जानेवारी ते डिसेंबर या काळाचा वार्षिक अहवाल २०१६ च्या नियमांप्रमाणे ३० जूनपर्यंत द्यावयाचा असतो. दुसरा प्रकार एखाद्या घटनेपासून मोजावयाच्या तारखांचा. जन्म वा मृत्यूची माहिती २१ दिवसांत निबंधकाकडे द्यावी लागते. रुग्णाने उपचाराची कागदपत्रे मागितल्यास २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे ती ७२ तासांत द्यावयाची असतात. तिसरा प्रकार परवाने व करार यांच्या नूतनीकरणाचा. तो वर्षांनी मोजावयाचा असल्याने विसरण्याचा संभव तेथेच अधिक.

या तारखांचे महत्त्व कागदोपत्रीच असते असे नाही. कुत्रा चावलेल्या मुलाचे उदाहरण घेऊ. त्वचेत द्यावयाच्या रेबीज लसीच्या मात्रा शून्य, ३, ७ व २८ या दिवशी द्यावयाच्या असतात. पहिली मात्रा १० जून रोजी दिली, तर पुढील मात्रा १३ जून, १७ जून व ८ जुलै रोजी येतात. रेबीज झाल्यानंतर त्यावर उपाय जवळजवळ नसतोच, त्यामुळे उरलेल्या मात्रा वेळेवर देणे हेच रुग्णाचे संरक्षण. आमच्या सॉफ्टवेअरमधील 'दर आठवड्यास' वा 'दर महिन्यास' ही पुनरावृत्ती येथे निरुपयोगी ठरते, कारण या दिवसांमधील अंतर सारखे नाही. म्हणून पहिल्याच दिवशी १/४, २/४, ३/४ व ४/४ अशा चार स्वतंत्र नोंदी केल्या जातात आणि प्रत्येकीवर केसपेपरचा क्रमांक लिहिला जातो. मात्रा चुकल्यास दुसऱ्याच दिवशी रुग्णाच्या घरी फोन जातो.

दिनदर्शिकेची उणीव भरून काढण्यासाठी पुढील चार नियम आम्ही पाळतो.

१) प्रत्येक कामाच्या नावाआधी तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहावी, उदाहरणार्थ '२०२६-०६-३०'. हा क्रम आयएसओ ८६०१ या १९८८ च्या आंतरराष्ट्रीय मानकातील आहे. त्याचा लाभ असा की नावांची अकारविल्हे लावताच कामे आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. महिना व दिवस नेहमी दोन अंकी लिहावेत, आणि अंक एकाच लिपीतील असावेत. अन्यथा क्रम बिघडतो.

२) मुदतीबरोबर आरंभाचीही नोंद करावी. वार्षिक कचरा अहवालास बारा महिन्यांच्या वजनांची बेरीज लागते. ती ३० जूनच्या सकाळी होणारी नव्हे. म्हणून १ जूनची स्वतंत्र नोंद असते. परवान्यांच्या बाबतीत हीच नोंद तीन महिने आधीची असते.

३) कायद्याने ठरलेल्या मासिक कामांच्या बाराही नोंदी वर्षारंभीच कराव्यात. काही सॉफ्टवेअरमध्ये पुढील तारीख काम पूर्ण झाल्याच्या दिवसापासून मोजली जाते. ३ तारखेला अहवाल पाठवून खूण केली की पुढील नोंद ३ तारखेची होते, आणि सुट्टीमुळे एखाद्या महिन्यात तारीख पुढे सरकली की ती पुढेच राहते. कायद्याची ५ तारीख मात्र हलत नाही.

४) ज्या कामात दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहावयाची आहे, त्याच्या नावाआधी 'प्र.' लिहावे व विचारणा करण्याची तारीख घालावी. सहा गठ्ठ्यांतील प्रतीक्षाधीन गठ्ठ्याची जागा ही दोन अक्षरे घेतात.

प्रत्यक्ष कागदांसाठी ४३ फाइली ठेवल्या आहेत : ३१ दिवसांच्या आणि १२ महिन्यांच्या. अमेरिकन लेखक डेव्हिड ॲलन यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या 'गेटिंग थिंग्ज डन' या पुस्तकात या मांडणीचे वर्णन केले आहे. ज्या दिवशी कागद लागणार त्या दिवसाच्या फाइलीत तो ठेवावा. रोज सकाळी त्या दिवसाची फाइल उघडावी व रिकामी करून मागे लावावी. वीज नसली तरी ही व्यवस्था थांबत नाही, हा तिचा आमच्याकडील विशेष गुण.

रुग्णांची दिनदर्शिका

येथे आणखी एक बाब सांगणे अगत्याचे आहे. ग्रामीण भागातील अनेक रुग्ण, विशेषतः वृद्ध स्त्रिया, तारीख सणावरून सांगतात. गरोदर स्त्रीची शेवटची पाळी 'गणपती बसले त्याच्या आदल्या दिवशी' अशी सांगितली जाते, आणि प्रसूतीची संभाव्य तारीख त्यावरूनच काढावयाची असते. गणेश चतुर्थी २०२२ साली ३१ ऑगस्टला होती, २०२३ साली अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबरला गेली आणि २०२४ साली ७ सप्टेंबरला आली. अंदाजाने तारीख लिहिल्यास दोन-तीन आठवड्यांचा फरक पडू शकतो, व गर्भाच्या वयाच्या हिशेबात तो अल्प नव्हे. आमच्या सॉफ्टवेअरला तिथी कळत नाही. यास्तव नोंदणी खिडकीपाशी चालू व मागील अशा दोन वर्षांची कालनिर्णये टांगलेली असतात. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेली ही दिनदर्शिका घरोघरी परिचित असल्याने रुग्णांचे नातेवाईक स्वतःच बोट ठेवून दिवस दाखवितात. पुढील तपासणीची तारीख देतानाही शक्य तेथे आठवडी बाजाराचा दिवस साधला जातो, म्हणजे खेड्यावरून येणाऱ्यांस दुसरी खेप पडत नाही.

आधाराचा कागद

दुसरी उणीव संदर्भाची. तिचे महत्त्व एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्यात, तसेच बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून लागू आहे. प्रारंभी निर्धन रुग्णासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २५,००० रुपये व दुर्बल घटकासाठी ५०,००० रुपये होती; पुढे ती वाढत जाऊन अनुक्रमे १,८०,००० व ३,६०,००० रुपये झाली. खिडकीवरील कर्मचाऱ्यासमोर जुना कागद असेल, तर ज्याचा हक्क आहे असा रुग्ण परत जाईल. यादीत 'उत्पन्नाचा दाखला तपासणे' एवढेच लिहिलेले असल्यास ही चूक यादी रोखू शकत नाही.

यावरील उपाय वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. रोजकीर्द तारखेनुसार लिहिली जाते, खतावणी विषयानुसार. आणि दोहोंना जोडणारा असतो खातेपान क्रमांकाचा एक अरुंद रकाना. कामांची यादी ही आमची रोजकीर्द मानली, तर स्थायी आदेशांचे कपाट ही खतावणी. प्रत्येक विषयास एक कायम क्रमांक दिला आहे. 'स्था-०७' म्हणजे जैववैद्यकीय कचरा, 'स्था-११' म्हणजे निर्धन रुग्ण योजना. यादीत काम असे लिहिले जाते : '२०२६-०६-०१ जैववैद्यकीय कचरा, वार्षिक अहवाल, आरंभ, स्था-०७'. त्याच क्रमांकाची फाइल कपाटात असते व त्याच नावाचा फोल्डर संगणकात असतो. कागद यादीला जोडता येत नसला तरी क्रमांक लिहिता येतो, आणि तेवढे पुरते.

या फाइलीत नवा आदेश नेहमी सर्वांत वर राहतो. जुना फेकून दिला जात नाही. त्यावर 'रद्द' असा शिक्का मारून ज्या आदेशाने तो बदलला त्याचा दिनांक लिहिला जातो, कारण लेखापरीक्षणात मागील वर्षीचा नियम कोणता होता हेही पाहिले जाते. एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या विषयास देत नाहीत.

दक्षता व मर्यादा

रुग्णाचे नाव अथवा आजार यादीत लिहिला जात नाही. केवळ केसपेपरचा क्रमांक लिहितात. विनामूल्य सॉफ्टवेअरमधील माहिती परक्या संगणकावर साठविलेली असते, आणि व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाविषयी २०२३ साली केंद्राने स्वतंत्र कायदाही केलेला आहे. दुसरी दक्षता कायमपणाची. वुंडरलिस्ट हे यादीचे लोकप्रिय सॉफ्टवेअर २०१५ साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतले आणि मे २०२० मध्ये ते बंद झाले. वापरणाऱ्यांना आपल्या याद्या अन्यत्र हलवाव्या लागल्या. म्हणून आमची यादी दर शनिवारी छापून फाइलला लावली जाते. तारीख व क्रमांक कामाच्या नावातच असल्याने ती दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये, किंवा प्रसंगी साध्या वहीतही, जशीच्या तशी उतरविता येते.

दिनदर्शिका व संदर्भ या दोन्ही सोयी असलेली सॉफ्टवेअर बाजारात मिळतात. परंतु त्यांपैकी अनेकांस प्रत्येक कर्मचाऱ्यामागे मासिक शुल्क पडते, आणि देणगीचा रुपया प्रथम रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचावा, असे आम्हांस वाटते. या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती स्वतःहून आठवण करून देत नाही. शनिवारी दुपारी कार्यालयातील सर्वांनी एकत्र बसून पुढील दोन आठवड्यांच्या नोंदी, कालनिर्णय व स्थायी फाइली ताडून पाहिल्या तरच ती चालते. हा अर्धा तास टळू नये याची काळजी आमचे कर्मचारी घेतात, त्याबद्दल त्यांचे आभार मानणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

ज्या संस्थांना ही पद्धत प्रत्यक्ष पाहावयाची असेल, त्यांच्या प्रतिनिधींनी कोणत्याही शनिवारी दुपारी कार्यालयात अवश्य यावे. नोंदवह्या व फाइलींची मांडणी दाखविण्यात येईल.