उडीचा रॅम्प : कसोटी उतरण्याची

31 डिसेंबर 1967 रोजी लास वेगासमधील सीझर्स पॅलेस हॉटेलापुढच्या कारंज्यांवरून एव्हेल कनिव्हेल या साहसवीराने मोटारसायकल उडवली. सुमारे 43 मीटरांचे अंतर कापून तो पलीकडे पोहोचला खरा, पण गाडी उतरणीच्या रॅम्पच्या अलीकडच्या टोकावर आदळली आणि मांडी, कटी, घोटे अशी अनेक हाडे मोडून घेऊन तो रुग्णालयात गेला. घात झाला तो उतरताना. घरच्या घरी रॅम्प उभारू पाहणाऱ्यांचे सारे लक्ष मात्र चढणीकडे असते.

चार चिरे रचून त्यांवर फळी टाकली की रॅम्प झाला, अशी समजूत गावोगावच्या हौशी दुचाकीस्वारांत असते. सायकलीपुरती ती कदाचित खपूनही जाईल. मातीत धावणाऱ्या मोटारसायकलीचे गणित वेगळे आहे. गाडी 110 किलोची आणि शिरस्त्राण, बुटांसह स्वार 80 किलोचा धरला, तर उभ्या स्थितीत भार 190 किलो होतो. पण गाडी धावत येऊन वर वळते तेव्हा हे वळणच रॅम्पवरचा दाब वाढवते. ताशी 36 किलोमीटर वेगाने येणारी गाडी 5 मीटर त्रिज्येच्या वळणावर चढली, तर दाब जवळजवळ तिप्पट, म्हणजे 570 किलोंच्या घरात जातो. त्रिज्या 10 मीटर ठेवली तर तो दुपटीवर येतो. सरळ फळीला तर वळणच नसते. तिच्या पायथ्याशी चाकाला थेट ठोकर बसते आणि खालचे चिरे सरकतात.

म्हणून वळण लांब आणि सौम्य हवे. 10 मीटर त्रिज्येने 15 अंशांपर्यंत चढत जाणारे वळण, त्यापुढे दीड मीटर सरळ चढ, असा रॅम्प सुमारे 4 मीटर लांब आणि पाऊण मीटरभर उंच होतो. शेवटचा सरळ भाग पुष्कळजण गाळतात. मोटारसायकलीच्या दोन चाकांमधले अंतर साधारण दीड मीटर असते. पुढचे चाक हवेत गेले तरी मागचे वळणावरच असेल, तर वळण त्याला जोराने वर ढकलते आणि गाडीचे नाक खाली जाते. सरळ भागावर हा धक्का बराच सौम्य होतो.

लाकडी रॅम्प हलवता येतो, एवढेच त्याचे मोठे भूषण. त्यासाठी वळणाच्या आकारात कापलेल्या जाड बाजूच्या फळ्या, त्यांना जोडणारे एक-एक वितीवरचे आडवे वासे आणि वर वाकवून बसवलेले पातळ जलरोधक प्लायवूडचे दोन थर लागतात. खिळे हादऱ्यांनी सैल होतात, तेव्हा सांधे बोल्टने आवळावेत. पावसाळ्यात पृष्ठभाग निसरडा होतो, वाळवीचे भय वेगळेच. जागा कायमची असेल तर माती बरी, कारण ती आतून पोकळ नसते. मात्र एकदम ढीग घालून वरून थोपटल्यास वरची साल तेवढी घट्ट होते. वीतभराहून कमी जाडीचा थर घालावा, धुम्मसाने चोपावा, मग पुढचा थर. ओलावा तपासण्याची जुनी रीत पुरेशी आहे : मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि खाली टाकला की त्याचे तुकडे पडावेत. गोळ्यातून पाणी सुटले तर थांबावे. जूनपूर्वी रॅम्पवर ताडपत्री घातली नाही, तर पहिल्या दोन-चार सरींतच कडा धुऊन जातात.

आता उतरणीचे. 15 अंशांच्या कडेवरून ताशी 36 किलोमीटर वेगाने सुटलेली गाडी कडेच्याच उंचीवर परत येईपर्यंत सुमारे 5 मीटर जाते. वाटेत तिने गाठलेली सर्वोच्च उंची जमिनीपासून मीटरभराहून थोडी जास्त असते. खाली सपाट सडा असेल, तर तेवढ्या उंचीवरून सरळ खाली पडल्याचा आघात चाके, मनगटे आणि कणा यांना सोसावा लागतो. त्याच जागी 15 अंशांचा उतार असेल, तर गाडीची दिशा आणि उताराची दिशा जुळते आणि चाके जवळजवळ अलगद टेकतात. चढण व उतरण यांमधली जागा मातीने भरून सपाट केली, तर उडी तोकडी पडली तरी गाडी खड्ड्यात जात नाही. नवख्यांसाठी हे भरणे ऐच्छिक मानू नये.

वेगाचा हिशेब तर फारच फसवा आहे. ताशी 36 ऐवजी 45 किलोमीटर वेग झाला, म्हणजे चौथ्या हिश्श्याने वाढला, की तीच उडी 5 मीटरांवरून 8 मीटरांवर जाते. 4 मीटरांच्या भरणीनंतर सुरू होणारा आखूड उतार मागे राहतो आणि गाडी सपाटीवर आदळते. त्यामुळे उतरण चढणीहून बरीच लांब हवी. डोंगरउताराची जागा मिळाली तर ती निसर्गतःच लांब मिळते, मातीही वाचते. गाडी उडवण्याआधी हळू वेगाने रॅम्पवरून चढून-उतरून पाहावे आणि धाव कुठून घ्यायची ती खूण चुन्याने आखावी.

हे सारे खासगी जागेत, मालकाच्या संमतीने. सार्वजनिक जागी राज्य सरकारच्या लेखी परवानगीविना वाहनांची शर्यत वा वेगचाचणी घेणे हा मोटार वाहन कायदा, 1988च्या कलम 189 खाली गुन्हा आहे. प्रेक्षकांना उतरणीच्या समोर उभे करू नये, बाजूलाही अंतर ठेवावे. उडी चुकली की गाडी आणि स्वार क्वचितच एकाच दिशेला जातात.