गाडीच्या मागच्या भागात कोण बसतं?

महामार्गालगतचा दवाखाना : लेखांक सातवा

मागच्या आठवड्यात १०८ ला फोन लागल्यापासून गाडी येईपर्यंत काय घडतं ते पाहिलं. गाडी आली, रुग्ण आत घेतला, दार लागलं. आता त्याच्या उशाशी कोण बसणार?

चौसाळ्याच्या माणसाला हा प्रश्न नीट कळतो. सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्गालगतचं बीड तालुक्यातलं हे गाव. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. पण रक्त चढवायचं, पोट उघडायचं, व्हेंटिलेटर लावायचा, तर मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडचं जिल्हा रुग्णालय गाठावं लागतं. किंवा मांजरसुंब्याहून नेकनूर, केज करत अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय. बीड त्यातल्या त्यात जवळ, तरी पाऊण तासाच्या आसपास वेळ जातोच. ऊसतोडीच्या दिवसांत घाटात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढं आडवा असला तर मग किती लागतील, याचा हिशेब करू नये. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत ‘गोल्डन अवर’ म्हणजे जखम झाल्यानंतरचा एक तास, अशी व्याख्याच दिली आहे. इथल्या जखमीचा तो तास बराचसा चालत्या गाडीत संपतो. म्हणून गाडीत बसलेल्या माणसाला काय येतं, यावर बरंच काही ठरतं.

रुग्णालयाच्या अपघात विभागातली सिस्टर आणि रुग्णवाहिकेवरचा पॅरामेडिक, दोघांचं काम लांबून सारखं दिसतं. दोघंही शीर शोधतात, सलाईन लावतात, ऑक्सिजन देतात, छाती दाबतात. पण सिस्टरसमोर एका वेळी पाच-सात रुग्ण असतात. कोणाकडं आधी धावायचं आणि कोण अर्धा तास थांबू शकतो, हे तिला नजरेनं ठरवावं लागतं. तिची खरी ताकद सलग पाहण्यात आहे. कीटकनाशक प्यालेल्या शेतकऱ्याला ॲट्रोपीन सुरू झालं, की बाहुल्या, नाडी, छातीतली घरघर ती तासन्‌तास पाहत राहते. औषध कमी पडतंय की जास्त होतंय हे बहुतेक वेळा पहिल्यांदा तिलाच कळतं. शिवाय केसपेपर, एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची) नोंद, पोलिसाचे प्रश्न, नातेवाइकांचा गलका, सगळं तिच्याच टेबलावर येतं.

पॅरामेडिककडं रुग्ण एकच असतो. पण तो रस्त्यात पडलेला, किंवा चेपलेल्या केबिनमध्ये अडकलेला, आणि अंधारात. आधी स्वतःचा जीव सांभाळायचा: मागून येणाऱ्या गाड्या थांबल्या का, डिझेल सांडलंय का, तुटलेली तार लोंबतेय का. मग मान न हलवता माणूस बाहेर काढायचा, वाहतं रक्त दाबून धरायचं, श्वासाची वाट मोकळी करायची. या क्षणी विचारायला शेजारी कोणी नसतं. आणि तासाभरात तो रुग्ण दुसऱ्याच्या हाती सोपवून मोकळं व्हायचं. पुढं त्याचं काय झालं, हे बहुधा कधीच कळत नाही.

ही दोन कसबं एकाच माणसात आली तर काय साधतं? बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचं उदाहरण घ्या, कारण बाळंतिणींना ने-आण करणाऱ्या, आरोग्य केंद्राच्या १०२ च्या गाडीत त्याची धास्ती कायम असते. प्रसूतिगृहात सिस्टरला पोटावरून गर्भाशय चोळून घट्ट करणं येतं, ऑक्सिटोसिन येतं, रक्त किती गेलं याचा अंदाज येतो. तीच सिस्टर गाडीत बसली की निम्मी साधनं निकामी होतात. इंजिनच्या आवाजात स्टेथोस्कोपमधून रक्तदाब ऐकू येत नाही. मनगटावर बोट ठेवून नाडी हाताला लागते का, यावर भागवावं लागतं. घाटाच्या वळणावर एक हात पोटावर आणि एक हात कठड्याला, मग इंजेक्शन कोणत्या हातानं भरायचं? चालकाला ‘जोरात घ्या’ म्हणायचं की ‘दोन मिनिटं बाजूला लावा’? नवख्याला वाटतं, वेग म्हणजेच उपचार. मुरलेला पॅरामेडिक मात्र सगळी औषधं निघण्याआधीच भरून, नावं लिहून ठेवतो, सलाईनची दुसरी वाट आधीच करून घेतो, स्वतःचा पट्टा बांधतो आणि बीडला फोन करून रक्तगट सांगून ठेवतो. परिचर्येच्या पुस्तकात यातलं फारसं काही नसतं. उलट रस्त्यावर तयार झालेल्या माणसाला गर्भाशय हाताखाली सैल पडतंय हे कळायला शेकडो बाळंतपणांचा हात लागतो, आणि तो सिस्टरकडं असतो.

आपल्याकडं १०८ सेवा २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली: ९३७ गाड्या, त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक साधनांच्या आणि ७०४ मूलभूत. महाराष्ट्रानं तेव्हा एक वेगळी वाट धरली. हैदराबादला २००५ मध्ये सुरू झालेल्या १०८ च्या नमुन्यात गाडीवर प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. महाराष्ट्रानं डॉक्टर बसवला, बहुतेक ठिकाणी आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा पदवीधर. लोकांना ते आवडलं, गाडीत डॉक्टर म्हटल्यावर धीर येतो. माझ्या मते मात्र त्याचा एक तोटा झाला. डॉक्टर आहेच म्हटल्यावर पॅरामेडिक नावाचा व्यवसाय इथं पाय रोवू शकला नाही, आणि परिचारिकेला रुग्णवाहिकेकडं जाणारी वाटच उरली नाही.

नियमात वाट नाही, प्रत्यक्षात ती रोज चालली जाते. आरोग्य केंद्राच्या १०२ च्या गाडीवर चालक असतो, डॉक्टर नेमलेला नसतो. बाळंतीण बीडला पाठवायची ठरली आणि तब्येत नाजूक असली, की सासू म्हणते, “सिस्टर, तुम्ही संगं चला बरं.” आणि सिस्टर बसते. त्या तासापुरती ती पॅरामेडिक असते, फक्त त्याचं प्रशिक्षण, हुद्दा आणि भत्ता यांतलं काहीच तिच्याकडं नसतं.

जगात हे सगळं उघडपणे होतं. स्वीडनमध्ये २००५ पासून प्रत्येक आपत्कालीन रुग्णवाहिकेत किमान एक नोंदणीकृत परिचारिका लागते. कारण साधं आहे, औषध देण्याचा अधिकार नोंदणी असलेल्यालाच. नेदरलँड्समध्ये अतिदक्षता किंवा अपघात विभागात मुरलेली परिचारिका वेगळं प्रशिक्षण घेऊन गाडीवर जाते, जोडीला चालक. फिनलंडनं तर चार वर्षांची एकच पदवी केली. ती घेणारा परिचारक म्हणूनही नोंदला जातो आणि पॅरामेडिक म्हणूनही. अमेरिकेची तऱ्हा निराळी: तिथं माणसं दोन परवाने घेतात, आठवड्यातले काही दिवस अपघात विभागात आणि उरलेले रुग्णवाहिकेवर किंवा हेलिकॉप्टरवर काढतात.

ही अमेरिकी पद्धत आपल्या मुलामुलींना समाजमाध्यमांवर फार भुरळ घालते, पण इथं ती बसत नाही. सरकारी नोकरीतल्या अधिपरिचारिकेला महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियमांनुसार परवानगीशिवाय दुसरी नोकरी करता येत नाही. खासगीत करता आली, तरी रात्रपाळी संपवून सकाळी गाडीवर चढणारा माणूस औषधाची मात्रा चुकवणारच. परदेशी जायचं असेल तरी आधी चौकशी करावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. पण तिथं परिचर्येची नोंदणी मिळाली म्हणजे रुग्णवाहिका मिळाली असं नाही. आपत्कालीन पॅरामेडिकसाठी २०१४ पासून तीन वर्षांचं वेगळं शिक्षण ठेवलेलं आहे.

आपल्या कायद्यातही दोन वह्या वेगळ्या आहेत. परिचारिकेची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडं. तिच्यावर भारतीय परिचर्या परिषदेचे नियम, ज्यांचं मूळ १९४७ च्या कायद्यात. पॅरामेडिकला केंद्रानं २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्याच्या परिशिष्टात आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ म्हणून जागा दिली. एका वहीतून दुसऱ्या वहीत जायला पूल नाही. जीएनएम ही परिचर्येची पदविका घेतलेल्या मुलीला रुग्णवाहिकेवर जायचं असेल तर औषधांची नावं, शरीररचना, सलाईन लावणं हे सगळं पहिल्या इयत्तेपासून पुन्हा शिकायचं, हे मला तरी अनाकलनीय वाटतं. तिला लागतात ते काही महिने: अडकलेल्याला बाहेर काढणं, श्वासनलिकेचं काम, चालत्या गाडीतली परिचर्या, अनेक जखमींतून आधी कोणाला घ्यायचं याची निवड.

तोवर आज करण्यासारखं काय? जीवनसंजीवनीचे मूलभूत आणि प्रगत असे छोटे अभ्यासक्रम पुण्या-मुंबईत होतात. ते करून घ्यावेत, दर दोन वर्षांनी ताजे करावेत. भारतीय परिचर्या परिषदेनं आपत्कालीन व आपत्ती परिचर्येची एक वर्षाची पदविका आखून दिलेली आहे. दोन नावं एका माणसाला लागायची असतील तर सध्या तोच त्यातल्या त्यात सरळ रस्ता. आणि पुढं पाठवलेल्या रुग्णाबरोबर जाणाऱ्या सिस्टरनं निघतानाची व पोचतानाची नाडी, दिलेली औषधं, वेळ हे सगळं लिहून त्याची एक प्रत स्वतःच्या केंद्रात ठेवावी. उद्या हुद्द्याची मागणी करायची झाली तर तोच पुरावा.

एक अडचण मात्र प्रशिक्षणानं सुटत नाही. सिस्टर बीडला गेली की जाऊन-येऊन, तिथं रुग्ण सोपवून, परतायला तीन तास सहज लागतात. त्या तीन तासांत चौसाळ्याच्या प्रसूतिगृहात दुसरी कळ सुरू झाली तर? फिनलंडची पदवी इथं आणली तरी केंद्रात रात्रीला एकच सिस्टर असेल तर ती एकाच जागी असणार. म्हणून गाडीवर बसणाऱ्या परिचारिकेचं पद मागताना केंद्रातल्या पदांचाही हिशेब मागावा लागेल. मंजूर पदं, भरलेली पदं, कंत्राटी पदं आणि त्यांतली रात्री प्रत्यक्ष हजर किती, हा पुढच्या आठवड्याचा विषय.