प्रोस्टेटचे ऑपरेशन : कोणाला, केव्हा आणि कोणते?

पन्नाशी उलटलेले पुरुष ज्या तक्रारी घरात कोणालाच सांगत नाहीत, त्यांत लघवीच्या तक्रारीचा नंबर पहिला लागतो. मंगळवार पेठेतल्या माझ्या दवाखान्यात येणारी वडीलधारी मंडळी गुडघे दाखवतात, बीपी तपासून घेतात आणि उठता उठता दाराशी थांबून हळूच विचारतात, "डॉक्टर, रात्री चार-पाच वेळा उठावं लागतंय. वयानं असंल न्हवं?"

बहुतेक वेळा ते वयानेच असते. पण 'वयाने' म्हणजे 'दुर्लक्ष करण्याजोगे' असा अर्थ कोणी घेऊ नये.

ही ग्रंथी कोठे असते?

मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीभोवती अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तीच प्रोस्टेट. तरुणपणी तिचे वजन सुमारे २० ग्रॅम असते. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढू लागते. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांत आणि पंचाऐंशीच्या पुढे दहांपैकी नऊ जणांत ही वाढ आढळते. पाटात दोन्ही बाजूंनी गाळ साचला की पाणी जसे अडखळते, तशीच गत लघवीची होते. धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, शेवटी थेंब थेंब येते, पूर्ण झाल्यासारखे वाटत नाही आणि लागली की धीर धरवत नाही.

ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. मात्र दोन्हींची लक्षणे सारखी असू शकतात, म्हणून तपासणी हवी. मधुमेहातही वारंवार लघवी होते, तेव्हा रक्तातील साखरही पाहावी.

ऑपरेशन कसे बदलत गेले?

या शस्त्रक्रियेच्या इतिहासात हिंदुस्थानचा एक धागा आहे. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये येथे अनेक वर्षे नोकरी केलेले सर्जन पीटर फ्रेयर यांनी लंडनला परतल्यावर १९०१ मध्ये पोट उघडून, मूत्राशयातून ग्रंथी बोटाने सोडवून काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९४५ मध्ये टेरेन्स मिलिन यांनी मूत्राशय न उघडता ती काढण्याची रीत मांडली. आपल्याकडे पुष्कळ वर्षे 'प्रोस्टेटचे ऑपरेशन' म्हणजे पोटावर टाके आणि लांबलेला मुक्काम, असेच समीकरण होते. जुन्या माणसांच्या मनात आजही हीच भीती घर करून आहे.

पुढे दुर्बीण आली. लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून वाढलेला भाग विजेच्या तारेने खरवडून काढतात. यालाच टीयूआरपी म्हणतात. कमरेखाली भूल देतात, बाहेर टाका पडत नाही, दोन-तीन दिवसांत बहुधा नळी निघते. पूर्वी यात वापरले जाणारे ग्लायसीनचे पाणी रक्तात शोषले गेले तर सोडियम उतरण्याचा धोका असे. आता नव्या यंत्रात साधे सलाईन चालते, त्यामुळे हा धोका फारच कमी झाला आहे.

१९९० नंतर गोळ्या आल्या आणि चित्र पालटले. अमेरिकेत १९८० च्या दशकाअखेर शिखरावर असलेली टीयूआरपीची संख्या पुढच्या दहा वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली. आपल्याकडेही आज बहुतेक रुग्णांची सुरुवात गोळीनेच होते. याची दुसरी बाजूही आहे. ऑपरेशनची वेळ आलीच, तर रुग्णाचे वय वाढलेले असते, ग्रंथी मोठी झालेली असते आणि जोडीला हृदयविकार किंवा मधुमेह असतो. फार मोठ्या ग्रंथीसाठी आता होल्मियम लेसर उपयोगी पडतो. न्यूझीलंडच्या डॉ. पीटर गिलिंग यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत पुढे आणली. त्यात रक्तस्राव कमी होतो, पण खर्च जास्त आणि हात सरावलेला लागतो. मध्यम आकाराच्या ग्रंथीला टीयूआरपी आजही उत्तमच आहे. 'लेसर म्हणजेच चांगले' असे समजून कर्ज काढण्याची गरज नाही.

ऑपरेशन कोणाला लागते?

सोनोग्राफीत 'ग्रंथी ४५ ग्रॅम' असे आले म्हणजे ऑपरेशन, हा समज चुकीचा आहे. लहान ग्रंथी जास्त छळते आणि मोठी गप्प बसते, असेही होते. मी स्वतः शस्त्रक्रिया करीत नाही. कोणाला सर्जनकडे पाठवायचे हे ठरवणे माझे काम. तेव्हा मी पाहतो ते असे : नळी काढल्यावर पुन्हा लघवी तुंबते का, वारंवार जंतुसंसर्ग होतो का, लघवीतून पुन्हा पुन्हा रक्त जाते का, मूत्राशयात खडा आहे का, मूत्रपिंडावर सूज आहे का, गोळ्यांनी आराम पडतो की नाही. यांपैकी काही असेल तर टाळाटाळ करू नये.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे न दुखता तुंबणारी लघवी. धार चालू आहे म्हणजे मूत्राशय रिकामे होते असे नाही. आत अर्धा-पाऊण लिटर साचून राहते, रात्री नकळत अंथरूण ओले होते आणि दाब मागे जाऊन मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. लाजेपोटी अंगावर काढलेल्या दुखण्याची किंमत मग डायलिसिसने मोजावी लागते. लघवी करून झाल्यावर आत किती उरते, हे सोनोग्राफीत पाच मिनिटांत कळते. ते अवश्य पाहून घ्यावे.

गोळ्या घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे

टॅम्सुलोसिनने उठताना चक्कर येऊ शकते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपूर्वी ही गोळी चालू असल्याचे नेत्रतज्ज्ञांना आवर्जून सांगावे. फिनास्टेराइडचा गुण यायला सहा महिने लागतात आणि तिच्यामुळे पीएसएचा आकडा निम्मा होतो, हे रक्त तपासताना सांगावे. सर्दीची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नये. तिने एका रात्रीत लघवी तुंबू शकते. लांबच्या एसटी प्रवासात लघवी रोखून धरू नये.

नेहमीचे प्रश्न

तांबड्या-पांढऱ्या रश्शाने प्रोस्टेट वाढते का? नाही. मात्र बद्धकोष्ठ आणि दारूने त्रास वाढतो. नसबंदीमुळे वाढते का? नाही. ऑपरेशननंतर पुरुषत्व जाते का? बहुतेकांत जात नाही. पण वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाणे नेहमीचे आहे. त्याने अपाय नाही, तरी सर्जनशी आधी बोलून घ्यावे. ऑपरेशन झाले म्हणजे कॅन्सरची काळजी मिटली का? नाही, ग्रंथीचा बाहेरचा भाग राहतो, म्हणून तपासणी चालू ठेवावी.

खर्चाचे म्हणाल, तर 'थोरल्या दवाखान्यात' म्हणजे सीपीआरमध्ये चौकशी करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला भेटावे.

मुलांना व सुनांना एक विनंती. घरातले आजोबा रात्री वारंवार उठत असतील, लग्नाला-प्रवासाला जायचे टाळत असतील, तर त्यांनी सांगण्याची वाट पाहू नका. तुम्हीच विचारा आणि दवाखान्यात घेऊन या.