कुठल्या या धारकर?

परवा सकाळी चहा घेता घेता मी एक कवितासंग्रह चाळीत बसलो होतो. कव्हरवरचे नाव वाचून सौभाग्यवतींनी विचारले, "धारकर? कुठल्या हो या धारकर?"

आपल्याकडे आडनाव कळले की पुढचा प्रश्न गावाचा! पण या वेळी मला चटकन उत्तर देता येईना. कारण इम्तियाज धारकर यांचे गाव सांगायचे, तर निदान चार गावे सांगावी लागतात.

त्यांचा जन्म १९५४ सालचा, लाहोरचा. वर्ष पुरे होण्याच्या आतच आईवडील त्यांना घेऊन स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरी गेले. घरात लाहोरची चालरीत आणि बाहेर स्कॉटलंडची शाळा, अशा दोन शिस्तींत ही मुलगी वाढली. पुढे कोणी ओळख विचारली की बाई हसून सांगत, मी स्कॉटिश मुसलमान कॅल्व्हिनिस्ट! कॅल्व्हिनिस्ट हा तिकडचा मोठा करडा ख्रिस्ती पंथ. शिवाय भारताने दत्तक घेतलेली आणि वेल्समध्ये दिलेली, अशी पुस्तीही त्या जोडीत.

भारताने दत्तक घेतले ते लग्नामुळे. पत्रकार आणि संपादक अनिल धारकर यांच्याशी विवाह करून त्या मुंबईस आल्या. घरच्यांना हे लग्न पसंत नव्हते, आणि माहेरचे दार मिटले. आपल्या कवितेत घर, उंबरठा, सीमा हे शब्द आले की आपण त्यांना प्रतीके म्हणून मोकळे होतो. या बाईंनी तो उंबरठा खरोखरीच ओलांडला होता, आणि त्याची किंमतही मोजली होती.

मुंबईत त्यांनी बायकामुलांच्या निवाऱ्याचे, शिक्षणाचे, आरोग्याचे प्रश्न मांडणारे माहितीपट काढले. चित्रे तर त्या काढीतच होत्या. काळ्या शाईची त्यांची रेखाटने त्यांच्या कवितासंग्रहांतून कवितेच्या शेजारीच बसलेली दिसतात. पहिला संग्रह 'पर्दा' १९८९ मध्ये निघाला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा त्या दिवसांच्या तारखाच त्यांच्या कवितांची शीर्षके झाल्या. त्या 'पोस्टकार्ड्स फ्रॉम गॉड' या संग्रहात आहेत. त्यांची कन्या आयेशा धारकर आपल्या वाचकांना 'द टेररिस्ट' या १९९८ च्या चित्रपटामुळे आठवत असेल.

पण बाईंचे नाव विलायतेत घरोघरी गेले ते एका पाण्याच्या कवितेने. 'ब्लेसिंग' हे तिचे नाव. पाण्याला तहानलेली झोपडपट्टी, एके दिवशी नगरपालिकेचा नळ फुटतो, आणि मिळेल ते भांडे घेऊन सारी वस्ती धावते, एवढीच गोष्ट. पण सोळाव्या वर्षी द्यायच्या तिकडच्या शालान्त परीक्षेला ही कविता लागली, आणि ज्यांनी नळाला पाणी नाही असा दिवस पाहिलाच नाही, त्या मुलांच्या वर्गावर्गातून हा नळ फुटू लागला!

'पोएट्री लाइव्ह' नावाचा एक उपक्रम तिकडे चाले. अभ्यासातल्या कवींनी स्वतः मुलांपुढे उभे राहून कविता वाचायच्या. वर्षाकाठी पंचवीस हजारांहून अधिक मुले त्या ऐकत. हा उपक्रम काढला सायमन पॉवेल यांनी. तेच पुढे बाईंचे दुसरे पती झाले, आणि वेल्सचे नाते जुळले ते असे. दीर्घकाळ कर्करोगाशी झुंजून २००९ मध्ये ते गेले. त्या दुःखाच्या कविता 'ओव्हर द मून' या २०१४ च्या संग्रहात आहेत. त्याच वर्षी राणीचे काव्यासाठीचे सुवर्णपदक बाईंना जाहीर झाले.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. इंग्लंडात राजकवीचे पद १६६८ पासून, ड्रायडनपासून चालत आले आहे. त्यावर पहिली स्त्री बसली ती २००९ मध्ये, कॅरल अ‍ॅन डफी. त्यांची दहा वर्षांची मुदत २०१९ मध्ये संपली, तेव्हा सर्वांच्या तोंडी इम्तियाजबाईंचेच नाव होते. लाहोरात जन्मलेली मुलगी इंग्लंडची राजकवी! आणि बाईंनी नाही म्हटले. या पदाचा व्याप एका बाजूला आणि कवितेला लागणारा एकांत दुसऱ्या बाजूला, असा तोल पाहून त्यांनी एकांत घेतला. पद सायमन आर्मिटेज यांच्याकडे गेले.

मी महाविद्यालयात मराठी शिकवितो. साध्या वाङ्मय मंडळाच्या अध्यक्षपदासाठी आम्ही मंडळी किती धडपडतो, आणि एकदा हार गळ्यात पडला की पुढे वर्षभर एक ओळ कशी लिहून होत नाही, हे मला आतून ठाऊक आहे. म्हणून त्या नकाराचे मला पदकापेक्षा अधिक कौतुक वाटले. बाई लोकांपासून पळाल्या असे मात्र नव्हे. २०२० मध्ये त्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या कुलपती झाल्या, आणि 'शॅडो रीडर' हा संग्रह २०२४ मध्ये आला. लिहिणे थांबले नाही.

हे सारे पुराण मी सौभाग्यवतींना सांगितले. त्या गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या. पहाटे साडेचारला उठून हंडा-कळशी भरून ठेवलेल्या. माझे व्याख्यान अर्धवट ऐकून त्यांनी पुस्तक ओढून घेतले आणि ती नळाची कविता एकदा, मग पुन्हा एकदा वाचली.

"लाहोर नको न् ग्लासगो नको," त्या म्हणाल्या. "ही बाई आपल्या मुंबईची!"