सर्वांत लवकरची संध्याकाळ

नोव्हेंबरअखेर भोकरदनच्या शिवारात कापसाची वेचणी सुरू असते आणि दिवस पुरत नाही. पावणेसहाच्या सुमारासच सूर्य मावळतो. कारण विचारा, बहुतेक जण २१-२२ डिसेंबरचे नाव घेतील: वर्षातला सर्वांत लहान दिवस जवळ आला ना! पण त्या दिवशी भोकरदनला सूर्यास्त होतो ५ वाजून ५२ मिनिटांच्या सुमारास, म्हणजे सहा मिनिटे उशिराच. दिवस आखडत असताना संध्याकाळ मात्र पुढे सरकते. शाळेत हे मुलांना दाखवायलाच हवे. त्यासाठी भिंतीवरचे घड्याळ आणि मोकळी पश्चिम पुरते.

भोकरदन ७५.८ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंशांची. एका अंशाला ४ मिनिटे, म्हणून इथे सूर्य सरासरी १२ वाजून २७ मिनिटांनी माथ्यावर येतो. हे अंतर कायमचे.

खरी गंमत पुढे आहे. पृथ्वीचा आस कललेला, कक्षा लंबवर्तुळाकार, आणि जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वांत जवळून, सर्वांत वेगाने जाते. त्यामुळे एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंत दरवेळी नेमके २४ तास होत नाहीत. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्याहून सुमारे ३० सेकंद जास्त लागतात. सेकंद साचत जातात. नोव्हेंबरअखेर १२:१४ ला येणारे मध्यान्ह २१ डिसेंबरला १२:२५ वर पोचते. तेवढ्या काळात दुपारनंतरचा अर्धा दिवस आटतो जेमतेम ५ मिनिटे, कारण २० अंश अक्षांशावर ऋतूंचा फरक सौम्य असतो. अकरातून पाच वजा केले की संध्याकाळच्या पदरात सहा मिनिटे पडतात. लंडनला दिवस फार झपाट्याने आखडतो, म्हणून तिथे सर्वांत लवकरचा सूर्यास्त १२ डिसेंबरच्या आसपास येतो.

हेच सरकणारे मध्यान्ह सकाळ लांबवते. २२ डिसेंबरनंतर दिवस वाढतो खरा, पण ती वाढ सगळी संध्याकाळकडे जाते. सूर्योदय उलट उशिरा होत राहतो, थेट जानेवारीच्या मध्यापर्यंत. मग तो मागे फिरतो. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असे आपल्याकडे म्हणतात. भोकरदनच्या अक्षांशावर दिवसाची दोन्ही टोके वाढू लागतात ती त्याच सुमारास. लंडनला तर ते नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसांतच घडते.