जुनं ते सगळंच सोनं का?

मुलांनो, 'अभिजात' हा शब्द तुमच्या कानांवरून नक्कीच गेला असेल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा कितीतरी शाळांच्या फळ्यांवर तो रंगीत खडूनं लिहिला गेला होता. इंग्रजीतला 'क्लासिक' हा शब्दही याच अर्थानं वापरतात. भाषेला अभिजात म्हणायचं तर त्याच्या कसोट्या ठरलेल्या आहेत. तिचा इतिहास दीड ते दोन हजार वर्षांचा हवा, जुनं साहित्य हवं, वगैरे.

पण खेळाला अभिजात कधी म्हणायचं? आणि तोही व्हिडिओ गेमला?

'पाँग' नावाचा टेबल-टेनिससारखा गेम १९७२ साली अमेरिकेत आला आणि व्हिडिओ गेमचं वेड पसरायला सुरुवात झाली. भाषेचा नियम त्याला लावला, तर निकालासाठी ३४७२ सालापर्यंत थांबावं लागेल! तेवढा वेळ आपल्याकडे नाही. शिवाय वाद तर आजच घरोघरी चालू आहे. बाबा म्हणतात, "गेम होते ते आमच्या वेळी! मारिओ, कॉन्ट्रा, टेट्रिस. खरे क्लासिक!" आणि तुम्ही म्हणता, "बाबा, ते ठिपक्या-ठिपक्यांचे चौकोन कसले क्लासिक?"

खरं कुणाचं? चला, नीट तपासूनच पाहू या.

कॅसेट फुंकणारी पिढी

आधी बाबांची बाजू. १९९० नंतरच्या काळात आपल्याकडे गावोगावी टीव्हीला जोडायचे गेम आले. जपानच्या निंटेंडो कंपनीनं १९८३ साली 'फॅमिकॉम' नावाचं यंत्र काढलं होतं. आपल्याकडची बहुतेक यंत्रं म्हणजे त्याच्या नकला होत्या. त्यात वरून एक प्लॅस्टिकची डबी खोचायची. तिला सगळे 'कॅसेट' म्हणत. कॅसेटवर '९९९९९९९ गेम्स' असं छापलेलं असायचं आणि आत गेम असायचे मोजके. तेच पुन्हा पुन्हा, नावं बदलून!

गेम चालेना की कॅसेट काढायची, फूऽऽ करून फुंकायची आणि परत खोचायची. गेम सुरू! आई-बाबांना विचारा, हसतील. पण खरी गंमत अशी की, काम फुंकरीनं होतच नव्हतं. कॅसेट काढून पुन्हा बसवली की तिच्या कडेचे धातूचे पट्टे आतल्या टोकांना नीट टेकायचे, म्हणून गेम चालायचा. उलट तोंडातल्या ओलाव्यानं ते पट्टे गंजण्याचीच भीती होती.

ज्यांच्याकडे टीव्ही गेम नसायचा, ते सेलवर चालणाऱ्या छोट्या 'ब्रिक गेम'वर विटा रचत बसायचे, नाहीतर पार्लरमध्ये नाणं घालून खेळायचे. या आठवणी गोड आहेत यात शंका नाही. पण आठवण गोड आहे म्हणून खेळही चांगला, असं म्हणता येईल का?

जुना, पण जमिनीत पुरलेला

जुनेपणा ही एकच कसोटी धरली तर काय होतं, ते 'ई.टी.'च्या गोष्टीवरून कळेल.

१९८२ साली याच नावाचा सिनेमा जगभर गाजला. अटारी कंपनीनं ठरवलं की नाताळच्या आत त्यावर गेम काढायचा. बनवणारे होते हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ. त्यांना जेमतेम पाच आठवडे मिळाले. गेम आला, पण त्यातला ई.टी. सारखा खड्ड्यात पडायचा आणि बाहेर काढता काढता मुलं कंटाळून जायची. न खपलेला माल ढिगानं पडून राहिला. शेवटी १९८३ साली अटारीनं न्यू मेक्सिको राज्यातल्या अलामोगोर्डो इथं आपला पडून राहिलेला माल चक्क कचऱ्याच्या खड्ड्यात पुरून टाकला! पुढं २०१४ साली ती जागा खणली, तेव्हा 'ई.टी.'च्या कॅसेट खरोखरच सापडल्या.

'ई.टी.' आणि 'पॅकमन' यांच्या वयात फरक किती? फक्त दोन वर्षांचा. म्हणजे 'जुना आहे' एवढ्यावर कुणाला अभिजात म्हणता येत नाही. मग 'पॅकमन'मध्ये असं काय होतं?

तीन अडचणी, तीन युक्त्या

त्या काळची यंत्रं फार दुबळी होती. पण हुशार माणसांनी त्या दुबळेपणातूनच गंमत काढली.

जपानचे तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली 'स्पेस इन्व्हेडर्स' बनवला. वरून परग्रहावरच्या प्राण्यांच्या रांगा उतरतात आणि आपण खालून त्यांना टिपायचं. इतके सगळे प्राणी एकदम हलवताना यंत्राला धाप लागायची, म्हणून ते हळू चालायचे. जसजसे प्राणी कमी होत, तसतसं यंत्राचं काम हलकं होई आणि उरलेले प्राणी भराभर पळू लागत! निशिकादोंनी ही खोड दुरुस्त केली नाही, तशीच ठेवली. त्यामुळेच शेवटचा प्राणी टिपताना छातीत धडधडायचं. 'जिंकत आलो की खेळ अवघड होतो' ही कल्पना पुढच्या कितीतरी गेमनी उचलली.

'पॅकमन' आला १९८० साली. तो बनवणाऱ्या चमूचे प्रमुख तोरू इवातानी तेव्हा २५ वर्षांचे होते. पार्लरमध्ये तेव्हा गोळीबाराचेच गेम असायचे आणि तिथं मुलगेच जायचे. मुलींनाही खेळावासा वाटेल असा खेळ त्यांना हवा होता. म्हणून बंदूक गेली आणि तिथं आला खादाड पॅकमन! त्याच्यामागं चार भुतं लागतात. चारही सारखीच वाटतात ना? तसं नाही बरं का! लाल भूत सरळ पाठलाग करतं. गुलाबी भूत पॅकमनच्या चार घरं पुढची जागा गाठायला बघतं. निळं भूत लाल भूत कुठं आहे ते पाहून आपला डाव टाकतं. आणि नारिंगी भूत लांबून धावून येतं, पण जवळ आलं की आपल्या कोपऱ्याकडे वळतं. म्हणजे चार भुतांचे चार स्वभाव, अगदी वर्गातल्या चार मित्रांसारखे!

तिसरी गोष्ट मारिओची. तो पहिल्यांदा दिसला १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये. शिगेरू मियामोतोंना त्याचं चित्र काढायला मोजकेच ठिपके मिळाले होते. केस काढणं अवघड, म्हणून टोपी दिली. तोंड काढायला जागा नाही, म्हणून मिशी दिली! १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा बऱ्याचदा त्याच्या पन्नासपट मोठा असतो. जागा वाचवायला काय केलं असेल? त्यातला ढग आणि खालचं झुडूप नीट पाहा. दोन्हींचा आकार एकच! नुसता रंग बदललाय.

कंसांतून पडणारे चौकोन

आता टेट्रिस. १९८४ साली मॉस्कोमध्ये विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव्ह काम करत होते. त्यांच्या संगणकावर चित्रं येतच नव्हती, फक्त अक्षरं नि चिन्हं. मग त्यांनी कंसाची चिन्हं जोडून चौकोन केले. चार चार चौकोनांचे सात आकार, वरून पडणारे. ओळ भरली की ती गायब!

देशाची सीमा, भाषा, लिपी काही आड आलं नाही. खेळ जगभर गेला. पाजित्नोव्ह यांना मात्र १९९६ पर्यंत त्यातून नियमित मोबदला मिळत नव्हता, कारण हक्क सोव्हिएत सरकारकडे होते.

आणि हे पाहा. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतला १३ वर्षांचा एक मुलगा, १९८९ साली निंटेंडोच्या यंत्रासाठी निघालेला टेट्रिस खेळत होता. हा गेम त्याच्या जन्माच्या वीस वर्षं आधीचा. तो इतका पुढं गेला की १५७ व्या पातळीवर बिचारा गेमच गोठला! त्याआधी कुठल्याही माणसानं त्या गेमला तिथपर्यंत नेलं नव्हतं. या मुलाला काही लहानपणची कॅसेट आठवत नव्हती. त्याला तो खेळच आवडला होता.

आमच्या चौथीच्या वर्गात

आमच्या वर्गात मी हा विषय वादासाठी ठेवला. आधी एक जण उठला, "बाई, जुना म्हणजेच क्लासिक." लगेच मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मग आमच्या आजोबांचा बंद पडलेला रेडिओपण क्लासिक का?" सगळे हसले, पण मुद्दा बिनतोड होता.

दुसरी म्हणाली, "ज्याचे नियम पटकन कळतात तो. लगोरी बघा, मामाच्या गावच्या मुलांबरोबरपण लगेच खेळता येते." हे पटण्यासारखं होतं. पण तेवढ्यात एकानं विचारलं, "मग बुद्धिबळ? ते कुठं पटकन येतं? आणि माइनक्राफ्ट?" झालं! वर्ग पुन्हा दोन गटांत.

तास संपला, वाद संपला नाही. पण सगळ्यांनी मिळून फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. पहिला : ज्याला त्या खेळाची काहीच आठवण नाही, त्यालाही तो आज आवडतो का? दुसरा : नंतरच्या खेळांनी त्याच्याकडून काही घेतलं का? तिसरा : दूरच्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांनाही तो आपला वाटतो का?

आता ऐका. अमेरिकेत रोचेस्टर शहरात 'द स्ट्राँग' नावाचं खेळांचं संग्रहालय आहे. तिथं २०१५ पासून व्हिडिओ गेमची सन्मानयादी करतात. त्यांच्या कसोट्या अशा : खेळ सगळ्यांच्या ओळखीचा आहे का, तो टिकला का, देशोदेशी पोचला का, आणि इतरांवर त्याचा प्रभाव पडला का? आमच्या फळ्यावरच्या प्रश्नांशी किती जुळतंय पाहा! पहिल्या वर्षीच्या सहा गेममध्ये पाँग, पॅकमन, टेट्रिस आणि सुपर मारिओ ब्रदर्स होते. आणि २०२० साली त्या यादीत कोण आलं? २०११ साली पूर्ण झालेला माइनक्राफ्ट! बाबांनो, जरा नोंद घ्या हं.

सांभाळलं नाही तर?

आणखी एक कसोटी आहे, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. खेळ अभिजात व्हायला आधी तो उरायला तर हवा!

दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आज आपल्याकडे पूर्ण उरलेला नाही. तेव्हा कुणाला वाटलं असेल की ती रिळं जपायला हवीत? गेमचंही तसंच होतंय. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमची पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. त्यात दर १०० पैकी ८७ गेम आता बाजारात सरळ विकत मिळत नाहीत, असं आढळलं.

आजच्या काही गेमना तर मोठाच धोका आहे. ते आपल्या यंत्रात नसतात, कंपनीच्या संगणकावर चालतात. 'क्लब पेंग्विन' हा मुलांचा लाडका गेम २००५ साली सुरू झाला आणि ३० मार्च २०१७ रोजी बंद झाला. कंपनीनं बटण बंद केलं आणि लाखो मुलांचे पेंग्विन, त्यांची बर्फाची घरं, सगळं एका दिवसात गेलं. कॅसेट निदान माळ्यावर सापडते! म्हणून तुमच्या आवडत्या गेमविषयी दोन ओळी वहीत लिहून ठेवा, त्याचं चित्र काढा. पुढं कुणी विचारलं तर तुमच्याजवळ काहीतरी असेल.

आई-बाबांशी दोन शब्द

पालकहो, जुने गेम साधुसंत नव्हते. पार्लरमधलं यंत्र मुद्दाम लवकर हरवायचं, म्हणजे दुसरं नाणं पडावं! पण तिथं खेळ संपायचा आणि आपण घरी यायचो. आजचे बरेच गेम संपतच नाहीत. 'उद्या या, बक्षीस मिळेल' म्हणत बोलावत राहतात. तेव्हा नुसतं "बंद कर तो मोबाइल" म्हणण्यापेक्षा एक दिवस मुलाशेजारी बसा. तुमचा मारिओ त्याला खेळू द्या, त्याचा गेम तुम्ही खेळा. आणि बसण्याआधीच ठरवा : तीन डाव, मग पुरे. हरलात तरी चालेल. मुलांना फार आनंद होईल!

मुलांनो, माझं मत विचाराल तर टेट्रिस अभिजात आहे, 'ई.टी.' नाही, आणि लगोरी तर दोघांच्याही आधीपासून पहिल्या रांगेत बसली आहे! पटत नाही? छान! मग फळ्यावरचे ते तीन प्रश्न तुमच्या आवडत्या गेमला लावा आणि निकाल पत्रानं कळवा. कारण लिहायला मात्र विसरू नका.

करून पाहा

चौकटीच्या कागदावर टेट्रिसचे सातही आकार काढा आणि कापा. प्रत्येकात चार घरं, म्हणजे एकूण २८. आता ते ४ × ७ च्या आयतात बसवा. आकार फिरवायचे, पण उलटे करायचे नाहीत. बसत नाहीत ना? बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी घरं रंगवून पाहा. सहा आकारांत दोन काळी, दोन पांढरी येतात. एकच आकार खोडकर आहे. कोणता, ते शोधा म्हणजे कोडं का सुटत नाही तेही कळेल!